गुळगुळीत जबाब

त्या जबाबाची आठवण निघाली की आजही माझं डोकं तापतं.

तासगावजवळच्या शेडमधून रातोरात बेदाण्याच्या पेट्या गेल्या. शेडमालकाच्या मेहुण्याने खबर दिली : शेजारच्या रानात मेंढरं बसवलेल्या जतकडच्या मेंढपाळाचं काम आहे. शेडचा राखणदार, एक निवृत्त फौजी, साक्षीला उभा राहिला. मेंढपाळ कोठडीत गेला. त्याची बायको मेंढरं घेऊन ठाण्यासमोरच्या माळावर बसून राहिली.

राखणदाराचं वाक्य मराठीत निघायचं आणि हिंदीत पोचायचं. "साहेब, आमी बॉर्डरला होतो तवा चाय कहाँ मिलती थी, बरफ चघळायचा." जबाबात मात्र, 'मी त्यास पेट्या उचलताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले.' मी लेखनिक हवालदारावरच उखडलो, "तुला कुणी शुद्ध करायला सांगितलं?"

"आवं साहेब, त्यो बोलला तसंच लिवलंय."

वरिष्ठ म्हणाले, "साक्षीदार आहे, आरोपी आत आहे. भाषेचा तास कसला घेताय?"

शिपायापासून चढत आलो, तरी हे ऐकायचं. पण बाजारात घासाघीस करत वाढलेला माणूस मी. समोरचा पढवलेला भाव सांगतोय की मनातला, हे मला कळतं.

राखणदाराला पुन्हा बसवलं. फौजेबद्दल विचारलं, मराठी-हिंदीची खिचडी. जेवणाबद्दल विचारलं, तीच खिचडी. चोरीबद्दल विचारलं की तेच स्वच्छ वाक्य. मध्येच अडवलं तर गडी पुन्हा पहिल्या शब्दापासून सुरू. माझा संयम संपला.

"चोरी राहू दे. त्या रात्री तू कुठं होतास?"

त्याची मान खाली गेली. "साब, मैं तो घरला गेलतो. पोरीला बुखार था, लय तापली हुती. ड्यूटी छोड के गेलो. मालकाचा मेहुणा बोला, ऐसा बोल, न्हाई तर नोकरी गयी."

हे त्याचं स्वतःचं बोलणं होतं. मी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. पेट्या मेहुण्याच्याच आष्ट्यातल्या गोदामात निघाल्या.

शाबासकीचं पत्र वरिष्ठांच्या नावाने आलं. 'भाषेचा तास' हे नाव मला निवृत्तीपर्यंत चिकटलं. तरी सांगतो, माणूस खरं बोलताना भाषा निवडत बसत नाही. जबाब फारच गुळगुळीत आला की मी तो पुन्हा घ्यायला लावायचो आणि हाताखालच्यांच्या शिव्या खायचो.

मेंढपाळ सुटला तेव्हा माझे आभार मानायला वळला. बायकोने माळावरूनच त्याला 'लवकर ये' अशी कानडीत हाक घातली आणि मराठीत झापलं, "बेगा बा रं, मेंढरं उपाशी हायत, मागनं बोल साहेबाशी."