धुऱ्यावरची टेंभुर्णी

सोनाळ्याला आमच्या नि थोरल्या दिरांच्या शेताच्या मधल्या धुऱ्यावर एक टेंभुर्णी होती. लोक बिडीसाठी तिची पानं तोडत. मी तिच्याखाली बसायचे ती फुलपाखरं बघायला. तांबूस केशरी, काळ्या नक्षीचं हे रानातलं फुलपाखरू फुलांकडे फारसं फिरकत नाही. टेंभुर्णीच्या गळलेल्या फळांचा, टेंभरांचा रस पितं, जमिनीलगत उडतं, आणि हुसकलं तरी फिरून त्याच जागी पंख पसरून बसतं. अंडी घालायला मात्र त्याला टेंभुर्णीचंच पान लागतं.

मागच्या उन्हाळ्यात मी माहेरी मोताळ्याला गेले होते. परत आले तर झाडाच्या जागी हातभर खुंट.

"मले न इचारता काऊन तोडलं, भाऊजी?"

"सावलीत कपाशी वाढत नाही. अन् त्या काटेरी अळ्या. लेकरायच्या अंगाले लागल्या म्हणजे?"

"आजपर्यंत लागल्या का?"

नवरा म्हणाला, "जाऊ दे." मी जाऊ दिलं नाही. बाभळीच्या काट्या ओढून आणल्या आणि खुंटाभोवती कुंपण घातलं.

टेंभुर्णी तोडली तरी मुळातून फुटते. पावसाळ्यात कोवळे फुटवे आले आणि माद्या त्यांच्याभोवती घुटमळू लागल्या. मग अळ्या दिसल्या. हिरव्यागार, दोन्ही अंगांना पिसांसारखे लांब काटे, पानाला अशा चिकटून पडलेल्या की नजरेला सापडू नयेत.

एका सकाळी दीर पाठीवर तणनाशकाचा पंप घेऊन आले. मी कुंपणाच्या आत जाऊन उभी राहिले.

"सर बाजूले."

"नाही सरत."

"अळी अंगावर चढली का मग समजन तुले."

मी एक अळी अलगद उचलून मनगटावर ठेवली. या जातीच्या काट्यांनी खाज येत नाही, हे मी आधी पाहिलं होतं. तरी ती कोपराकडे सरकू लागली तेव्हा अंगावर काटा आला. हात मात्र मागे घेतला नाही. दीर बघत राहिले.

"ऐकणारच नाही तू?"

"नाही. धुरा माहाबी आहे."

ते पंप घेऊन तसेच परत गेले.

अजून ते माझ्याशी मोजकंच बोलतात. फुटवे माझ्या कमरेएवढे झालेत. नवरा म्हणतो, एका झाडापायी घरात अबोला आला. आला असेल. उद्या पुन्हा पंप आला तर मी पुन्हा तिथंच उभी राहीन.