पुण्याची आमटी आणि आमच्या गावचं पान

मी पुण्याला निघालो तेव्हा आई वेशीपर्यंत आली. पोटापाण्यासाठी गावातली निम्मी तरणी माणसं आधीच बाहेर पडली होती आणि धाकटा भाऊ म्हादूही गाठोडं बांधायच्या बेतात होता. आई रडली नाही. दटावून म्हणाली, "तू चाललास ते चाललास. म्हादूला बोलवू नगंस. काम गावलं तर तेच हिकडं धाड."

मंडळी, काम म्हणजे काय बैल आहे, दाव्याला धरून आणायला? तेव्हा मी हसलो, पण ते बोलणं काही मनातून जाईना.

नारायण पेठेत एका सरदारांच्या मुदपाकखान्यात लाकडं फोडायची चाकरी मिळाली. मुदपाकखाना म्हणजे आपलं स्वयंपाकघर. पेशव्यांच्या पुण्यात राहून जीभ अशी ऐटबाज झाली आहे! तिथे रोज पंक्ती बसत आणि पत्रावळी कायम कमी पडत. आपल्या मावळात तर पळसाचं रानच्या रान. मी कारभाऱ्यांचे पाय धरले, गावाला निरोप धाडला आणि बैलांवर लादून पत्रावळी आल्या.

आपल्याकडे पानावर भाकरी नि झुणका. पानाला भोक असलं तरी कोण बघतो? पुण्यात मात्र भातावर आमटी. ती पानांखालून निघाली आणि पंक्तीभर फिरली. एक शास्त्रीबुवा शांतपणे म्हणाले, "अहो, आमटी आपण आम्हाला वाढलीत की जमिनीला?"

कारभारी मला म्हणाले, "पुढच्या खेपेस असंच पान आलं, तर त्यावर तुलाच ताक वाढीन." पुढची खेप म्हणाले, एवढ्यावरच मी तग धरला आणि गाव गाठलं.

"पातळ खात्यात व्हय? मग आदी सांगायचं न्हाई?" आई म्हणाली. बायकांनी पानावर पान चढवून पत्रावळी लावल्या, एकेकीवर पाणी ओतून पाहिलं. पुण्यात कारभाऱ्यांनी एकीवर कढी वाढली, बराच वेळ निरखली आणि म्हणाले, "बरं आहे." पुणेरी कौतुक याच्यापुढे जात नाही. मला तर नाचावंसं वाटलं.

गेल्या आखितीच्या सणाला घरी गेलो. अंगणात सगळी आळी पानं टाचत बसलेली. गूळपाणी द्यायला कुणी उठलं नाही. म्हादू मान वर न करता म्हणाला, "आलास व्हय, दादा? जपून, पानं हायती." आईने सरकून जागा केली आणि पळसपानांचा ढीग माझ्यापुढे लोटला. आनंदाने मला हसूच आवरेना.

तुझं घर आता कुठलं, असं पेठेत कुणी विचारलं तर मी सांगतो, मी आलो म्हणून जिथे कुणाचं काम थांबत नाही, ते.