डब्यातला ब्रेड

माझ्या सासूबाई एका कुरिअरच्या दुकानाच्या मागच्या खोलीत, गिर्यारोहकांचे डोंगर फिरून आलेले स्टोव्ह आणि रॉकेलच्या बाटल्या धुतात. मी शेजारीच पेट्या भरते. हे सामान विमानानं जातं, त्यामुळे आत थेंबच काय, वाससुद्धा उरलेला चालत नाही.

बाटली साबणाच्या पाण्यानं खळखळून धुतली, झाकण काढून उन्हात वाळवली, की कुणीही म्हणेल, झालं. सासूबाई म्हणत नाहीत. त्या उघडी बाटली ब्रेडच्या स्लाइससोबत डब्यात बंद करून ठेवतात आणि सकाळी तो ब्रेड चक्क खातात! ब्रेड आसपासचा वास ओढून घेतो म्हणे.

"दिवसभर हुंगून नाक मरतं गं. जीभ मरत नाही."

जरा जरी रॉकेल लागलं की थू करतात आणि बाटली पुन्हा पाण्यात. सासरे म्हणतात, "हिच्याशेजारी काडी ओढायची मला भीतीच वाटते." मलाही आधी शिसारी यायची. आता मी काम सोडून बघत राहते.

परवा माझा नवरा आमच्या लेकीला घेऊन ज्या विमानानं निघणार होता, त्यातच आमची एक पेटी जाणार होती. सासूबाईंनी नेहमीसारखा ब्रेड खाल्ला, वर चहा घेतला आणि बाटली माझ्याकडे सरकवली. मला रागच आला.

"आई, पोटचा मुलगा आणि नात आहे त्यात. आज तरी दोनदा बघा!"

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"आज दोनदा बघायला लागलं, तर रोज विमानात बसतात त्यांचं काय गं?"