एक भाऊ वर, एक भाऊ खाली

परभणीहून गंगाखेडला निघालो आणि पूर्णेला उतरलो. पोरांना नकाशा वाचायला शिकवण्यात ज्याचं उभं आयुष्य गेलं, त्यानं भलत्याच गाडीत बसावं, हे घरी सांगण्यासारखं नव्हतं. परतीच्या गाडीला दोन तास होते.

स्टेशनाबाहेर दिलबहादूर या नेपाळी माणसाचा गाडा दिसला. मोमो (कोबी भरून वाफवलेल्या करंज्या) मागवले. दहा वर्षं पूर्णेत राहून तो इथलंच बोलतो. गाड्यावर धाकट्या भावाचा फोटो चिकटवलेला. तो गावाकडं रस्त्याच्या कामावर असतो म्हणाला. भावामागच्या यंत्रावरची अक्षरं पाहून माझ्यातला मास्तर जागा झाला. अहो, ही तर चिनी कंपनी, असं मी भर गाड्यावर जाहीर केलं.

शेजारच्या बाकावर गाड्याच्या जागेचे मालक शेषराव खात बसलेत, हे मला कुठं ठाऊक? त्यांचा मुलगा लष्करात, लडाखला.

"माझं पोरगं तिकडं बर्फात हुबं हाय, अन् तुझा भाऊ त्यांची चाकरी करायलाय? आत्ता फोन लाव. काम सोड म्हण. न्हाई तर गाडा उचल."

मी सारवासारव करायला गेलो आणि परराष्ट्र धोरणावर चार वाक्यं बोललो. शेषराव म्हणाले, गुर्जी, तुमी गप बसा. बरोबरच होतं.

दिलबहादूरनं शेगडी बारीक केली.

"मालक, आमच्याकडं गॅस तुमच्या बाजूनं येतो. एका साली सरहद्दीवर गाड्या अडल्या, लय महिने. आईनं गोठ्याचं दार फोडून त्या लाकडांवर भात शिजवला. तवाच घरात ठरलं, एक भाऊ खाली तुमच्याकडं, एक वर चीनवाल्यांच्या कामावर. एक वाट बंद पडली तर दुसरीकडून चूल पेटावी. तुमचा राग खरा हाय. पण त्याला काम सोडायला लावलं, तर घराला एकच वाट राहती."

शेषरावांनी रिकामी ताटली पुढं सरकवली.

"ऱ्हा. पण त्यो फोटो मला दिसू देऊ नको."

दिलबहादूरनं नखानं फोटोच्या कडा सोडवल्या, तो पिठाच्या डब्यामागं सरकवला आणि शेषरावांना गरम मोमो वाढले. माझ्याकडं त्यानं रागानं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

परतीच्या गाडीत खिडकीशी बसलो. लहान देश दोन बलाढ्य शेजाऱ्यांत तोल कसा सांभाळतो, हे शिकवताना मी फळ्यावर बाण काढायचो: व्यापार इकडून, कर्ज तिकडून. बाण काढताना हात कधी अडखळला नाही.

गाडी हलली तेव्हा कुंपणापलीकडं दिलबहादूर दिसला. व्हिडिओवर भावाशीच बोलत असावा. फोन तोंडासमोर धरून हसत होता, आणि गाड्यावरची फोटोची ती रिकामी जागा पाठीनं झाकत होता.