बॅटरीचा काय गुन्हा

ब्राह्मणपारा मोहल्ल्यात लॅपटॉप दुरुस्त करणारे आमचे भैया मशीन लगेच उघडत नाहीत. झोपवलेल्या लॅपटॉपच्या पोटावर आधी तळहात ठेवतात, ताप पाहावा तसा.

माझा लॅपटॉप झाकण लावून ठेवला तरी दिवसभरात रिकामा व्हायचा. "भैया, कंपनीवाले बॅटरी बदला म्हणून राहिले," मी म्हटलं.

"काहून बदलता? बॅटरीचा काय गुन्हा? लॅपटॉप झोपते, पण आतली एसएसडी, फायली ठेवायची डिस्क, जागीच राहते. तिले झोपवायचा ड्रायव्हर, म्हंजे तिचं सॉफ्टवेअर, बिघडला हाय."

त्यांनी ड्रायव्हर बदलला आणि लॅपटॉप दोन दिवस तसाच झाकण लावून, झोपवून ठेवला. चार्जिंग फारसं उतरलंच नाही.

परत देताना त्यांनी लॅपटॉपवरच्या कंपनीच्या स्टिकरवरच स्वतःच्या हातानं लिहिलेली चिठ्ठी चिकटवली: "बॅटरी चांगली आहे. बदला म्हणणाऱ्यानं आधी मला येऊन भेटावं."