दगडूच्या नावानं फुंकलो तेव्हा

भूत-बित, करणी-बिरणी असलं काही मी मानत नाही. अमावस्येला तिठ्यावरचा उतारा मुद्दाम ओलांडून जाणारा माणूस मी... एकदा तर त्यातला नारळ फोडून खाल्ला. पोट बिघडलं, पण ते खोबरं कुजकं होतं म्हणून! तरी हे लिहितोय, कारण एक गोष्ट कळलेली नाही आणि तिचा राग अजून उतरलेला नाही.

बीड जिल्ह्यातला एक सहकारी साखर कारखाना. नाव विचारू नका, अजून तिथंच नोकरीला आहे. टाइम ऑफिसात क्लार्क. ते वर्ष दुष्काळाचं — तलाव कोरडे, गावात टँकर. रस काढल्यावर उसाचा जो भुसा उरतो, त्याला बगॅस म्हणतात. त्याचे डोंगर यार्डात पडलेले. एरवी त्यावर पाणी मारायचे, म्हणजे धूळ बसते. त्या वर्षी 'पाणी वाचवा' म्हणून ते बंद केलं. चेअरमनच्या गेस्ट हाउससमोरचं लॉन मात्र हिरवंगार! त्यावर गरगर फिरणारा फवारा मी रोज बघायचो, आणि... बघायचोच फक्त.

दगडू माझा शेजारी. यार्डात बगॅस ओढायचा आणि रात्रभर खोकायचा.

अशात मेडिकल कॉलेजच्या एक डॉक्टर मॅडम आल्या. जुन्या बगॅसला बुरशी धरते, ती धुळीबरोबर छातीत जाते आणि फुप्फुस आतून कडक होतं — यावर त्यांचं संशोधन. कॅन्टीनच्या मागच्या खोलीत मशीन मांडलं. नळीत जोरात फुंकायचं, की लॅपटॉपवर श्वासाचा आलेख उमटतो.

आमच्या लेबर ऑफिसर साहेबांनी मला बोलावलं.

"बापू, तू कबड्डी खेळायचास ना?"

माझी छाती लगेच फुगली. "दिंद्रुडच्या सामन्यात एका दमात चौघं मारून आलतो साहेब!"

"मग दगडूच्या नावानं तूच फुंक. त्याला आज घरी बसवलंय. उगं कारखान्याची बदनामी कशाला?"

आणि मी — गाढव — खूश झालो! नाही म्हणायचं सुचलंच नाही. सुचलं काय, तर दगडूसारखं दिसायला डोक्याला रुमाल बांधावा.

दुपारी रुमाल बांधून, दगडूचं गेटचं कार्ड खिशात घालून खुर्चीत बसलो. कार्डावरचा फोटो इतका काळा, की कुणाचाही वाटावा.

"दगडूकाका, छाती भरून श्वास घ्या... आता फुंका! फुंका, फुंका, फुंका!"

श्वास घेतला — आणि आत भिंतच लागली. कपभर हवा शिरली, पुढं जाईना. कुणी सुतळीनं छाती करकचून बांधावी तसं. तोंडात आंबूस, धुळकट चव. आणि खोकला आला... माझा नव्हे, दगडूचा! भिंतीपलीकडून वर्षभर ऐकलेला, शेवटी बारीक शीळ घालणारा.

पुन्हा फुंकलो. पुन्हा तेच. स्क्रीनवर डोंगराच्या जागी टेकाड. मॅडमनी पंपानं हवा सोडून मशीन तपासलं. ते ठणठणीत होतं. मग खुर्ची जवळ ओढून हळू आवाजात म्हणाल्या, "काका, अजून वेळ आहे. बगॅसपासून लांब गेलात, तर आहे तेवढं फुप्फुस वाचेल. नाही गेलात तर..."

मी शूर माणूस! रुमाल फेकला, खिशातलं कार्ड टेबलावर टाकलं आणि ओरडलो, "मॅडम, मी दगडू न्हाई! मला वाचवा!"

त्यांनी जे सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. मग म्हणाल्या, "आता स्वतःच्या नावानं फुंका." फुंकलो. छाती मोकळी, डोंगर पुरा! त्यांनी दोन्ही आलेख शेजारी-शेजारी लावून पाहिले. खोटी नोंद रद्द केली आणि दुसऱ्या दिवशी खऱ्या दगडूला आणायला लावलं. त्याचा आलेख निघाला... तेच टेकाड. रेघेवर रेघ.

मॅडमनी औषधं सुरू केली आणि लिहून दिलं, याला यार्डातून काढा. कारखान्यानं त्याच दिवशी काढलं — थेट कामावरूनच! "कंत्राटी हाय, आमचा न्हाई." बाहेर आलो तर फवारा गरगर चालूच.

संध्याकाळी शिव्या खायची तयारी करून दगडूला सगळं सांगितलं. चुलीपासून त्याची बायको गयावहिनी म्हणाली, "भावजी, काल दुपारी टँकर आलता. हे उठले, दोन घागरी घेऊन चढ चढून आले. एकदाबी बसले न्हाईत. मी म्हनलं, अवो, खोकला कुटं गेला आज?"

"आन मंग?"

"मंग काय... घागरी ठिवल्या आन पुन्हा सुरू."

दगडू माझ्याकडं बघत होता. "लई मोकळं वाटलं बापू," तो म्हणाला. "का म्हून उठलास रं त्या खुर्चीतनं इतक्या लवकर?"

दगडू आज आहे. चढ चढताना मधे दोनदा बसतो. त्या दुपारी नेमकं काय झालं, हे मॅडमना सांगता आलं नाही, मला तर नाहीच. नारायणगडाची आण घेऊन सांगतो, यातलं एक अक्षर वाढवलेलं नाही.

दगडूचं कार्ड परत द्यायचं मी विसरलो, ते अजून माझ्याकडं आहे. मॅडमचं मशीन पुन्हा आलं, तर ते कार्ड मी चेअरमनच्या खिशात घालणार आणि त्याला त्या खुर्चीत बसवणार. म्हणणार, साहेब, छाती भरून श्वास घ्या.