बाबांनी विझवलेला चुना

करंजाच्या तेलाचं डिझेल करायचं तर तेलात मिथेनॉल घालून तापवायचं आणि दोघांचं जुळवून द्यायला मध्ये कुणीतरी घालायचं. बाकीचे कॉस्टिक सोडा घालत. ते विरघळून जातं, मग डिझेल धूत बसा. माझा मध्यस्थ चुन्याचे खडे होते, कॉलेजच्या भट्टीत लालबुंद भाजलेले. काम झालं की खडे गाळून घ्यायचे आणि पुन्हा वापरायचे. अट एकच, पाण्याचा थेंब लागता कामा नये, लागला की खडे निकामी.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी मुरबाडच्या कॉलेजात प्रयोगशाळेत नोकरीला होते. मुंबईचे एक सर शहापूरच्या कॉलेजात यायचे होते. प्रयोग डोळ्यांसमोर करून दाखवला तर पीएचडीला घेतो म्हणाले होते. आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून खडे आदल्या दिवशीच भाजले, बरणीत घट्ट बंद केले आणि टोकावड्याला घरी आणले. सकाळी तिथूनच एसटी धरायची होती.

बाबा गावोगाव घरं सफेदी करून द्यायचे. तरुणपणी चुना विझवताना शिंतोडा उडाला आणि त्यांचा डावा डोळा गेला. त्यामुळे आमच्या घरात कळीचा चुना, म्हणजे असे भाजलेले खडे, तसाच ठेवायचा नाही, आला की पाण्यात विझवायचा. हे मला लहानपणापासून माहीत होतं. तरी मी बरणी चुलीमागच्या फळीवर ठेवली आणि एका शब्दाने बोलले नाही. शहाणी ना मी, शिकलेली!

सकाळी बरणी उचलली तर जड लागली. आत खडे नव्हते. पांढरं, गुळगुळीत काहीतरी होतं.

"घमेल्यात विझवला, फडक्यातना गाळला," बाबा म्हणाले. "लोण्यावानी झालाय बघ. कळीचा चुना तसाच ठेवतात काय गो? डोळं जातील तुझं."

मला ओरडायचं होतं. डोक्यात तिडीक गेली आणि तिथंच विझली. त्यांच्या बोटांना चिरा पडल्या होत्या. मी "बरं" म्हटलं आणि निघाले.

भट्टीत पुन्हा भाजायला वेळ नव्हता. शहापूरला तो चुना शेगडीवर सुकवला आणि तेलात घातला. दोन तास ढवळलं. डिझेल होत असेल तर खाली ग्लिसरीनचा थर बसायला हवा होता. काही बसलं नाही. तेल होतं तसं तेलच राहिलं. सर घड्याळाकडे बघून "पुढे बघू" म्हणाले. पुढे त्यांनी दुसऱ्या कुणाला तरी घेतलं. हातातोंडाशी आलेला घास गेला, आणि मला रडूही आलं नाही. परतीच्या जीपमध्ये मी भाताची खाचरं मोजत बसले.

घरी बाबा दारातच उभे. "झाला काय गो डिझेल?"

"झाला."

एवढंच. पुढे दोन वर्षं त्यांनी ते गावभर सांगितलं. ढाब्यावर, देवळात, एसटीच्या कंडक्टरला. "माझ्या पोरीनं तेलाचा डिझेल केला. चुना मी विझवला व्हता." लोक माझ्याकडे बघून हसायचे, मीही मान हलवायचे. राग येत नव्हता. काहीच येत नव्हतं. नळाखाली परीक्षानळ्या धुताना कधीकधी वाटायचं, माझ्यातलंच काहीतरी विझलंय.

मग बाबा आजारी पडले. कल्याणच्या दवाखान्यात शेवटच्या दिवसांत उरलेल्या डोळ्यानेही नीट दिसेना. एका दुपारी त्यांनी माझा हात चाचपून धरला.

"गो, तवा चुना मी विझवला नसता तर?"

या दोन वर्षांत हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. त्यांना कळलं होतं की काय, मला अजून ठाऊक नाही.

"तर झालंच नसतं, बाबा," मी म्हटलं.

ते "मंग!" म्हणाले आणि माझा हात सोडून कुशीवर वळले.